उजळणीचा दिवस

पहाटे ५.४५

मनमाडजवळच्या पानेवाडी-नागापूर पट्ट्यात तेल कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईहून जमिनीखालच्या पाइपलाइनीनं पेट्रोल-डिझेल इथवर येतं आणि इथून टँकरनं उत्तर महाराष्ट्रात, मराठवाड्यात जातं. मी घरातून निघतो तेव्हा रस्त्याच्या कडेला टँकरची रांग लागलेली असते. कुणी स्टिअरिंगवर मान टाकून झोपलेलं असतं, तर कुणी टपरीपाशी बाटलीतल्या पाण्यानं तोंड धूत असतं.

या ड्रायव्हरांना शिकवणं हे माझं काम. गाडी त्यांना येतेच. त्यातले बरेचजण मिसरूड फुटण्याआधी क्लीनर म्हणून केबिनमध्ये चढले आणि रस्त्यावरच मोठे झाले. पण पेट्रोल, गॅस, आम्ल असा धोकादायक माल वाहायचा तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९ लागू होतो. आधी तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि पुढे लायसनच्या नूतनीकरणासाठी एक दिवसाची उजळणी. हे लायसन पूर्वी एका वर्षाचं असे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते तीन वर्षांचं झालं. म्हणजे आज वर्गात बसणारा ड्रायव्हर पुन्हा भेटणार तो तीन वर्षांनी. तेवढ्या काळासाठी माझ्या हाताशी हा एकच दिवस असतो. त्यातला एक तासही कोरड्या भाषणात घालवावा असं मला वाटत नाही.

सकाळी ६.३०

वर्ग भरायच्या आधी तासभर मी आवारातल्या जुन्या टँकरपाशी असतो. त्याची टाकी धुऊन, वाफ काढून सुरक्षित केलेली आहे. तो आता रस्त्यावर जात नाही, फक्त शिकवायच्या कामाला येतो. रोज सकाळी मी त्यात मुद्दाम काही दोष पेरून ठेवतो.

आज मागच्या डाव्या इंडिकेटरचा बल्ब काढला. मधल्या धुरीच्या एका चाकाचा नट सैल केला. अग्निशामक नळकांड्यावर तपासणीची तारीख उलटून गेलेली चिठ्ठी लावली. चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे उचलून खोलीत ठेवले. अर्थिंगच्या वायरीला गंजलेला चिमटा जोडला. केबिनमधलं ट्रेम कार्ड, म्हणजे माल सांडला किंवा पेटला तर काय करायचं हे सांगणारं कार्ड, काढून तिथे दुसऱ्याच रसायनाचं ठेवलं. आणि शेवटी टाकीवरच्या धोक्याच्या पाटीवर पेट्रोलचा १२०३ हा आंतरराष्ट्रीय क्रमांक झाकून तिथे १२२३ चिकटवला. १२२३ हा रॉकेलचा क्रमांक.

सकाळी ८.००

ड्रायव्हर येऊ लागतात. कुणी नाशिकचं, कुणी येवल्याचं, कुणी मूळचं उत्तर प्रदेशातलं पण वर्षानुवर्षं इथल्याच गाड्यांवर. वर्ग मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत सहज जात राहतो. या लायसनसाठी एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी अशी नियमात अट आहे. प्रत्यक्षात इंग्रजीचा अनेकांना धाक वाटतो, म्हणून पाटीवरचे आणि कार्डावरचे इंग्रजी शब्द मी त्यांच्या बोलीत फोडून सांगतो.

हजेरी घेताना नावाच्या आधी मी एकच गोष्ट विचारतो, "रात्री झोप किती झाली?"

आज एक तरुण ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून थेट इथे आलाय. डोळे लाल, आवाज बसलेला. त्याला मी उद्याच्या बॅचला घेतो आणि आज झोपायला सांगतो. त्याचा चेहरा पडतो. "सर, मालक आजचा दिवस कापतील. उद्या परत सुट्टी कशी मागू?" मी त्याच्यासमोरच मालकाला फोन लावतो आणि स्पष्ट सांगतो, की या अवस्थेत त्याला वर्गात बसवणं म्हणजे दिवस वाया घालवणं आणि गाडीवर बसवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. मालक कुरकुरतो, पण मानतो.

सकाळी ९.००

दोघा-दोघांच्या जोड्या करून मी सगळ्यांना टँकरभोवती फिरायला पाठवतो. हातात कागद आणि वीस मिनिटांचा वेळ. जे खटकेल ते लिहून आणायचं.

बघण्यासारखं असतं ते. कुणी टॉमीनं टायर वाजवून हवेचा अंदाज घेतो. कुणी खाली वाकून पाटे बघतो. एक काका नुसत्या बोटाच्या टोकानं नट चाचपत जातात आणि सैल नटावर त्यांचं बोट थांबतं. इंडिकेटर सगळ्यांना सापडला. ठोकळे नाहीत हे बहुतेकांच्या लक्षात आलं. अग्निशामकाची तारीख निम्म्यांनी पाहिली. ट्रेम कार्ड दोघांनीच उघडलं. पाटीवरचा चुकीचा क्रमांक मात्र कुणालाही दिसला नाही.

असं नेहमीच होतं आणि त्यात त्यांची हयगय नसते. टायर फुटला तर त्याचा त्रास ड्रायव्हरला लगेच होतो, म्हणून टायर त्याच्या हाताला आणि कानाला माहीत झालेला असतो. पाटीचा उपयोग त्याला एकदाही झालेला नसतो. रोज समोर असूनही ती दिसेनाशी होते.

मी त्यांना पाटीसमोर उभं करतो. "मामा, समजा तुम्ही बेशुद्ध पडलात. क्लीनर पळाला. अग्निशमनवाला दोनशे फुटांवर उभा आहे. गाडीत काय आहे हे त्याला कोण सांगणार?" सगळे पाटीकडे बघतात. पेट्रोलच्या क्रमांकाच्या वर '३ वाय ई' असा संकेत असतो. ३ म्हणजे फेस वापरा. वाय म्हणजे सांडलेला माल अडवा, गटारात-नाल्यात जाऊ देऊ नका. ई म्हणजे आसपासची माणसं हलवायचा विचार करा. एवढ्या तीन चिन्हांवर अग्निशमन दलाची पहिली पाच मिनिटं चालतात.

मला दिवसभरात जे सांगायचं असतं ते इथून सुरू होतं. अनुभव माणसाला शिकवतो हे खरं, पण अनुभव चुकीचंही शिकवतो. रस्ता रोज परीक्षा घेत नाही. एखादी वाईट सवय शेकडो वेळा निभावून जाते आणि निभावली म्हणून बरोबर वाटायला लागते. ठोकळा न लावता गाडी खाली केली, काही झालं नाही. अर्थिंग न जोडता व्हॉल्व्ह उघडला, काही झालं नाही. या 'काही झालं नाही'ची गाठ वर्षागणिक घट्ट होत जाते. ती सोडवायची तर कुणीतरी मुद्दाम थांबवून दाखवावं लागतं. उजळणीची गरज नवख्यापेक्षा जुन्या, तरबेज ड्रायव्हरला जास्त असते ती म्हणूनच.

सकाळी १०.१५

आता माल. पेट्रोल जळतं असं आपण म्हणतो, पण जळते ती त्याची वाफ. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की ठिणगी पुरते. हे आकडे फळ्यावर लिहिले की ड्रायव्हर वहीत उतरवतात आणि विसरतात. म्हणून मी सगळ्यांना बाहेर नेतो.

अंगणात दीडेक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पन्हळ तिरकी ठेवलेली असते. खालच्या टोकाला पेटती मेणबत्ती. शेजारी वाळूची बादली, अग्निशामक आणि माझा सहकारी उभा. सगळे मागे, आखलेल्या रेघेपलीकडे. वरच्या टोकाला मी कापसाच्या बोळ्यावर पेट्रोलचे चार थेंब टाकतो आणि बाजूला होतो.

एक सेकंद जातो, दोन, तीन. काहीच होत नाही. मागे कुणीतरी कुजबुजतं. आणि अचानक मेणबत्तीपासून निळसर ज्वाळा पन्हळीतून वर धावत जाते आणि बोळा भडकतो. ज्वाळा खालून वर गेली. थेंब वर होते, आग खाली होती, मध्ये डोळ्यांना दिसणारं काहीच नव्हतं.

इतका वेळ मागे हाताची घडी घालून उभा असलेला एकजण पुढे येऊन पन्हळीत वाकून बघतो. "म्हणजे सर, पंपावर खाली करताना मी वाऱ्याच्या खालच्या अंगाला विडी पेटवली तर?" उत्तर मला द्यावं लागत नाही, शेजारचाच देतो.

मग डिझेलचा विषय निघतो. डिझेल निरुपद्रवी, असा ड्रायव्हरांचा पक्का समज असतो, कारण त्यावर काडी टाकली तरी ते सहसा पेटत नाही. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, म्हणजे त्याखाली त्याची पेटण्याइतकी वाफ होत नाही. पण मे महिन्यात मनमाडची हवाच चाळिशी ओलांडते आणि उन्हात तापलेल्या टाकीचा पत्रा त्याहून गरम असतो. हिवाळ्यातलं डिझेल आणि उन्हाळ्यातलं डिझेल सारखं समजून वागता येत नाही, एवढं त्यांच्या मनात रुजलं की हा तास सार्थकी लागला.

सकाळी ११.३०

मैदानात सरावाचा ट्रक उभा आहे. प्रत्येकाच्या हातात एक रबरी शंकू. ट्रक ताशी ४० किलोमीटरनं येईल, मी झेंडा पाडला की चालवणारा ब्रेक मारेल. गाडी कुठे थांबेल तिथे आपापला शंकू आधीच ठेवायचा.

शंकू साधारण दहा-बारा मीटरच्या आसपास जमा होतात. ट्रक येतो, झेंडा पडतो, टायर करकरतात आणि सगळे शंकू आडवे करून ट्रक पुढे जाऊन थांबतो. टेपनं मोजलं तर तेवीस मीटरच्या पुढे.

ड्रायव्हरांच्या अंदाजात नेहमी एकच गोष्ट सुटलेली असते, ती म्हणजे डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ. तो सेकंदभर धरला तरी ४० च्या वेगानं गाडी तेवढ्यात ११ मीटर जाते, ६० ला १७ मीटर, ८० ला २२ मीटर. ब्रेक लागायला सुरुवातच त्यानंतर होते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेकनंतरचं अंतर चौपट होतं. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असलेली गाडी ४० ला बारा मीटर घेत असेल, तर ८० ला पन्नासच्या आसपास घेते. सगळं मिळून सत्तर मीटरच्या वर. मी त्यांना तेवढं अंतर चालायला लावतो. पायानं मोजलेलं अंतर डोक्यात राहतं. चालता चालता कुणीतरी स्वतःशीच म्हणतं, "आणि आपण पुढच्या गाडीच्या मागे चिकटून चालतो."

दुपारी १.००

डबे उघडतात. भाकरी, ठेचा, कुणाच्या डब्यात पुरी-भाजी. जेवताना मी शिकवत नाही, फक्त ऐकतो. मुलीची दहावी, गावाकडचं कांद्याचं पीक, मालकाकडे अडकलेला पगार, कमरेचं दुखणं. वर्गात गप्प बसलेली माणसं इथे बोलतात आणि दुपारच्या तासाला काय सांगायचं ते मला इथे कळतं.

आज एकजण म्हणतो, की परवा रात्री अकरापासून तो लोडिंगच्या रांगेत होता. गाडी पुढे सरकवायची म्हणून झोपता आलं नाही. सकाळी आठला माल भरला आणि तसाच निघाला. घरच्यांना वाटतं, रात्रभर बसूनच तर होता.

दुपारी २.००

म्हणून आजचा झोपेचा तास मी त्या रांगेपासून सुरू करतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली. पण आपल्याकडे ड्रायव्हरची ड्यूटी सुरू होते ती इंजिन चालू झाल्यावर, असंच सगळे धरून चालतात. रांगेतले तास, पंपावर मापाची वाट बघण्यातले तास, नाक्यावरचे तास कुणीच मोजत नाही. शरीर मात्र ते सगळे मोजत असतं. मी प्रत्येकाला मागच्या दोन दिवसांचा हिशेब लिहायला लावतो. कधी उठलो, कधी झोपलो, किती तुकड्यांत झोपलो. कागद भरता भरता वर्ग शांत होतो. कितीतरी जणांनी सलग चार तासांची झोप दोन दिवसांत घेतलेली नसते.

डुलकी सांगून येत नाही, असं ड्रायव्हर म्हणतात. पण ती सांगून येते. जांभया, चुरचुरणारे डोळे, गाडीचं हळूच पट्ट्याकडे सरकणं, आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे मागचे काही किलोमीटर कसे गेले हे न आठवणं. टोलनाका येऊन गेला आणि आपल्याला तो आठवत नाही, तर मेंदू डुलक्या घ्यायला लागलाय असं समजायचं. ६० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी पन्नास मीटर बिनड्रायव्हरची जाते. गाणी, तंबाखू, तोंडावर पाणी यांनी काही मिनिटं निभतात, झोप हटत नाही. झोपेवर उपाय झोपच. सुरक्षित जागा बघून वीस मिनिटं आडवं व्हायचं. चहा प्यायचा असेल तर झोपण्याआधी प्यावा, कारण त्याचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर शरीर आपोआप मंदावतं, म्हणून अवघड घाट शक्यतो या वेळांत येऊ द्यायचा नाही.

दुपारी ३.००

दुपारचा तास जड जातो, म्हणून यात हातांना काम. टेबलावर चाकं लावलेली फळी, तिच्यावर आडव्या बांधलेल्या दोन पारदर्शक बरण्या. एक जवळजवळ काठोकाठ भरलेली, दुसरी अर्धी. फळी ढकलून एकदम थांबवायची. भरलेली बरणी फळीबरोबर थांबते. अर्ध्या बरणीतलं पाणी पुढच्या भिंतीवर आदळतं, परत येतं, पुन्हा आदळतं आणि थांबलेली फळी पुढे सरकते. वळवली तर अर्धी बरणी आधी कलंडते.

टँकरच्या टाकीत पुढे-मागे उसळणारा माल रोखायला भोकं असलेल्या आडव्या भिंती असतात. डाव्या-उजव्या बाजूला होणारी हेलकाव्याची ओढ त्या थांबवत नाहीत. पहिल्या पंपावर थोडा माल उतरवला, एखादा कप्पा अर्धा राहिला, की ड्रायव्हरला वाटतं गाडी हलकी झाली, आता पळवू. खरं तर वळणावर सांभाळायची वेळ तिथूनच सुरू होते.

वर्गात एसटीतून निवृत्त होऊन टँकरवर आलेले एक काका आहेत. बरणी हलताना बघून ते म्हणतात, "अहो, हे शाळा सुटल्यावरच्या गाडीसारखं आहे. पोरं दाटीवाटीनं उभी असली की वळणावर सगळी एका अंगाला जातात आणि गाडी त्यांच्या मागे जाते." सगळा वर्ग हसतो. ही गोष्ट माझ्यापेक्षा त्यांनी चांगली सांगितली.

तिथून बोलणं घाटावर येतं. कसारा, चांदवडपुढचा राहुड, बोर घाट. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की डिझेल वाचतं, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जुन्या गाड्यांत तिला थोडा आधार असेलही. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या इंजिनात मात्र गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. त्यातून इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, जळका वास येतो आणि पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिन मंद फिरत असल्यानं कॉम्प्रेसर हवाही हळू भरतो. ज्या गिअरनं घाट चढलो त्याच गिअरनं उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक वापरायचा, हा जुन्या उस्तादांचा नियम आजही सोळा आणे खरा आहे. डिझेल वाचतं या आशेनं न्यूट्रल मारणाऱ्याला, ते वाचत नाही हे कळलं की निम्मं काम होतं. भीती घालून जे साधत नाही ते हिशेब पटवून साधतं.

दुपारी ४.१५

आता कवायत. सरावाच्या टँकरमध्ये साधं पाणी भरलंय, व्हॉल्व्हमधून गळती सुरू केलीय. "गाडी हायवेला आहे, शेजारी वस्ती, पलीकडे विहीर. सुरू करा."

पहिली जोडी धावत जाऊन गळती हातानं दाबायला बघते. मी थांबवतो. पुन्हा सुरुवात. इंजिन बंद. मास्टर स्विच बंद. वारा कुठून येतोय ते बघा आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. क्लीनरनं मागे जाऊन येणाऱ्या गाड्या थांबवायच्या. ११२ आणि १०१ ला फोन, गॅस गळत असेल तर १९०६. ट्रेम कार्ड हातात घेऊन थांबायचं आणि ते अग्निशमनवाल्याकडे द्यायचं. नंतरच, धोका नसेल तर, मातीचा बांध घालून माल अडवायचा. नियम ९ च्या अभ्यासक्रमात विहिरी, नद्या, तलाव वाचवण्याचं शिक्षणही घातलेलं आहे आणि मला त्याचं फार महत्त्व वाटतं. विहिरीत उतरलेलं पेट्रोल त्या गावाचं पाणी दीर्घकाळ नासवतं.

सगळ्यात कठीण काम गर्दी आवरायचं. बाकीच्या ड्रायव्हरांना मी कॅन-बादल्या देऊन गावकरी बनवतो आणि टँकरवर तुटून पडायला सांगतो. पाकिस्तानात अहमदपूर शर्किया इथे २५ जून २०१७ ला कलंडलेल्या टँकरमधलं पेट्रोल भरून घ्यायला लोक जमले आणि आग लागून दोनशेहून अधिक माणसं गेली. हे कवायतीआधीच सांगितलेलं असतं, तरी लोकांना मागे रेटताना ड्रायव्हरांचे आवाज कापतात. तेच हवं असतं. आरडाओरडा करायची लाज आज इथे गेली पाहिजे. आपल्याकडे १३ जून २०२३ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलावर टँकर उलटून पेटला, तेव्हा जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडलं. त्या दुर्घटनेत चौघांचा जीव गेला. २० डिसेंबर २०२४ ला जयपूरजवळ भांकरोट्याला वळण घेणाऱ्या गॅस टँकरला ट्रक धडकला आणि आग आसपासच्या कितीतरी गाड्यांपर्यंत गेली. आपल्या गाडीचा अपघात आपल्या गाडीपुरता राहत नाही, हे या कामाचं वेगळेपण आहे.

सायंकाळी ५.१५

शेवटचा तास प्रश्नांचा. दर वेळी पहिला प्रश्न एकच: "सर, अपघात झाला तर थांबायचं की पळायचं? थांबलो तर लोक मारतात."

हा प्रश्न मी टाळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये देशभरातल्या ट्रक-टँकर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, इथल्या रांगाही थांबल्या, त्यामागे हीच भीती होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवलं गेलं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ आधीपासून आहे आणि ते ड्रायव्हरांनी नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य आहे. जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल, तर ती अडचण कायदाच मान्य करतो. मग जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत हजर होऊन कळवायचं. जमावापासून दूर जाणं आणि जबाबदारीतून पळून जाणं यातला फरक स्वच्छ आहे. तो कळल्यावर बऱ्याच चेहऱ्यांवरचा ताण उतरतो. इतकी वर्षं ही गोष्ट त्यांना कुणी नीट सांगितलेली नसते.

मग एकेकाची तोंडी परीक्षा. टँकरपाशी उभं करून विचारतो, हे काय, हे कशासाठी, आत्ता वास आला तर पहिलं काय. सकाळी ज्यांना पाटीचा क्रमांक दिसला नव्हता ते आता थेट पाटीकडे जातात. जो अडतो त्याला पुन्हा समजावतो आणि पुन्हा विचारतो.

सायंकाळी ६.३०

गाड्या निघून गेल्यावर कागदपत्रं. प्रमाणपत्रांवर सह्या, नोंदवही, उद्याच्या बॅचची यादी. तेवढ्यात एका वाहतूकदाराचा फोन येतो. त्याचे चार ड्रायव्हर यायचे होते. "पोरं गाडीवर आहेत सर, वेळ नाही. नावं पाठवतो, सर्टिफिकेट तेवढं करून द्या. फी पूर्ण घ्या."

मी नाही म्हणतो. तो दुसरीकडून करून घेईन म्हणतो. मी त्याला शांतपणे सांगतो, की त्या कागदानं लायसन नवं होईल, पण घाटात ब्रेक तापल्यावर तो कागद गाडी थांबवणार नाही. चौघांना एकदम सोडता येत नसेल तर एकेकाला पाठवा, मी प्रत्येक बॅचमध्ये एक जागा राखून ठेवतो. थोडा वेळ बोलून तो एकाला उद्या पाठवायचं कबूल करतो.

युरोपात बस आणि मालट्रकच्या प्रत्येक व्यावसायिक चालकाला दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. बस चालकांसाठी हे २००८ पासून आणि मालवाहू गाड्यांच्या चालकांसाठी २००९ पासून लागू आहे. माल धोकादायक असो की नसो. आपल्याकडे केंद्रीय नियमानं उजळणी सक्तीची केली ती धोकादायक माल वाहणाऱ्यांना. पण उसाच्या ट्रॉल्यांमधून रात्री वाट काढणारा वाळूचा ट्रक, वऱ्हाडाची खासगी बस, कांद्यानं भरलेली गाडी, यांनाही थांबायला तेवढंच अंतर लागतं आणि त्यांच्या ड्रायव्हरलाही तेवढीच झोप लागते. प्रत्येक जड वाहनाच्या चालकाला ठरावीक काळानं असा दिवस मिळायला हवा, हे माझं ठाम मत आहे.

तोवर मालकांच्या हातात पुष्कळ आहे. उजळणीच्या दिवसाचा पूर्ण पगार द्या. आदल्या रात्री ड्रायव्हरला घरी झोपू द्या. तो परत आल्यावर काय शिकला हे पाच मिनिटं बसून विचारा आणि त्यानं गाडीतला दोष सांगितला तर तो दुरुस्त करा, कारण सांगूनही दुरुस्त होत नाही हे दोनदा दिसलं की तो बघणंच सोडून देतो. एवढं केलंत तर आम्ही एका दिवसात शिकवलेलं तीन वर्षं टिकेल.